सिस्टरची दोन मैदानं

नोकरीच्या पहिल्याच दुपारी लाइट गेली. शहापुरातल्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन म्हणून लागले होते. लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. तिच्यात एक मायक्रोस्कोप, एक फ्रीज आणि रक्ताच्या नळ्या फिरवायचं यंत्र. नळ्या फिरता फिरता यंत्र थांबलं, पंखा थांबला, आणि मुरबाडच्या पुढच्या खेड्यातून आलेली मी, आता डॉक्टरांना काय सांगायचं म्हणून त्या नळ्यांकडं बघत उभी राहिले. तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या एक उंच बाई दारातून वाकून आत आल्या. त्यांनी कपाटाच्या तळातून हातानं फिरवायचं जुनं यंत्र काढलं, टेबलाच्या कडेला आवळून बसवलं आणि म्हणाल्या, "पडला तिथंच गालिचा टाकायचा, पोरी. घे, फिरव."

काय पडलं आणि कसला गालिचा, मला काही कळलं नाही. मी मुकाट्यानं दांडा फिरवायला लागले.

हॉस्पिटलात नर्स आणखीही होत्या, पण सिस्टर म्हटलं की त्या एकट्या. नव्वदनंतरचे ते दिवस. सिस्टर तेव्हा पन्नाशीला टेकल्या असतील. सडसडीत अंग, घोट्याच्या वर नेसलेली साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आपण समोर बोलत असलो तरी त्यांची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी गेलेली असे. नव्या पेशंटला वाटायचं, मागच्या भिंतीवर पाल आहे की काय. मी हळूहळू ओळखायला शिकले. त्या अंतर मापत असत. दारापासून बाहेरच्या आंब्यापर्यंत केवढं, आंब्यापासून एसटी स्टँडच्या भिंतीपर्यंत केवढं, आणि तिथवर जायला चेंडू किती उंच उडवावा लागेल.

त्या मूळच्या शेणव्याच्या. घरची भातशेती. मुंबईत नर्सिंग शिकल्या आणि तिथून आखातात एका तेल कंपनीच्या दवाखान्यात गेल्या. ऐन तारुण्याची वर्षं वाळवंटातच गेली. तिकडून येणारे लोक टेपरेकॉर्डर आणत, ब्लँकेटं आणत, सेंटच्या बाटल्या आणत. सिस्टर आल्या तेव्हा त्यांच्या सामानात एक लोखंडी तोंडाची लांब काठी, पिशवीभर चेंडू आणि पाटाएवढा हिरव्या गालिचाचा तुकडा होता. गावातल्या बायका बरेच दिवस तो तुकडा नमाजाचा समजत होत्या. तो गोल्फचा होता.

"तिकडं दोन मैदानं होती," अशी त्यांची सुरुवात असे. आधी काही संबंध लागत नसे. आम्ही गॉजच्या घड्या घालत असायचो, स्टोव्हवर सुया उकळत असायच्या, आणि सिस्टर वाळवंटात जाऊन पोचलेल्या असायच्या.

पहिलं मैदान वाळूचं. कंपनीतल्या लोकांनी आपल्या हातांनी केलेलं, कॅम्पच्या मागं. गवताची काडी नाही. चुना मारलेले दगड मांडून वाट आखलेली आणि त्या वाटेवरही वाळूच. चेंडू पडेल तिथं जवळचा गालिचा अंथरायचा, चेंडू त्यावर ठेवायचा, मारायचा, आणि गालिचा काखेत घेऊन पुढं चालायचं. एरवी गोल्फमध्ये भोकाभोवती बारीक कापलेली हिरवळ असते. इथं वाळूत काळं तेल कालवून, वर रूळ फिरवून गोल अंगण केलेलं असे. आपण खेळून निघालो की मागून येणाऱ्यांसाठी फळी ओढून आपली पावलं पुसायची. "आपण सारवतो ना, तसंच," सिस्टर म्हणत, आणि हातातला गॉज तसाच धरून हवेत सारवून दाखवत.

दुसरं मैदान शहरातलं, हिरवळीचं. समुद्राचं पाणी गोडं करून नळानं आणलेलं. दिवसभर फवारे. खोदलेली तळी, रांगेत उभे खजूर, आणि मधे मधे मुद्दाम केलेले वाळूचे खड्डे. "बाहेर बघावं तिकडं वाळू. आणि आत खड्ड्यात टाकायला वाळू लांबून आणलेली," हे सांगताना त्यांना दर वेळी नव्यानं नवल वाटायचं.

त्यांचा निकाल ठरलेला होता. वाळूचं मैदान वरचं. हिरवळीच्या मैदानात कुणीतरी आधीच सगळं ठरवून ठेवलेलं असतं, असं त्या म्हणत. इथून मारा, तळं टाळा, खजुराच्या डाव्या अंगानं या. तुम्ही फक्त ऐकायचं. वाळूवर तसं कुणी सांगत नाही. एका सपाट उजेडात आपण उभे. लांबचा दगड जवळ दिसतो, जवळचा लांब. वरची खपली कडक असली तर चेंडू घसरत जातो तो जातोच, भुसभुशीत लागली तर जागच्या जागी रुततो. वारा आपला आपण ओळखायचा. "हिरवळीवर चेंडू ऐकतो," त्या म्हणत. "वाळूवर तो तुम्हालाच विचारतो."

डॉक्टर त्यांची थट्टा करत. "सिस्टर, आज काय वर, वाळू की हिरवळ?" सिस्टर गंभीरपणे उत्तर देत. वाळूच. आणि नवीन एखादं कारण सांगत. इतक्या वर्षांत कारणं संपली नाहीत. मला त्या वयात वाटायचं, ज्याचा निकाल लागलाय ते माणूस पुन्हा पुन्हा का तपासून बघतं?

खेळायला त्यांना शिकवलं होतं तिथल्या मेट्रननं. ती गोरी, वयस्क बाई होती. कॅम्पमधल्या नर्सना एकटीनं फाटकाबाहेर जायची मुभा नव्हती. घराच्या आठवणीनं पोरी आजारी पडायच्या, जेवायच्या नाहीत. मग सुट्टीच्या दिवशी पहाटे मेट्रन दोघी-तिघींना उठवायची, एकेकीच्या हातात काठी द्यायची आणि बाहेर काढायची.

"काठी हातात असली की फाटकावरचा माणूस काय विचारत नसे," सिस्टर मला म्हणाल्या होत्या. "नुसतं चालायला मिळायचं, पोरी. शेणव्यात बाईमाणूस नुसतं चालत नाय. पाण्याला जाते, लाकडाला जाते, शेतावर जाते. नुसतं कोण जातं?"

त्यामुळे परत आल्यावरही त्यांनी काठी सोडली नाही. शेणव्याच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे. दिवाळीनंतर तिथलं गवत कापून, गाठी बांधून ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडं गेले की माळ न्हाव्याच्या हाताखालून उठल्यासारखा दिसायचा, पिवळा आणि स्वच्छ. रविवारी सिस्टर तिथं जात. पांढरे चेंडू त्या गवतात आणि उन्हात दिसत नसत, म्हणून त्यांनी ते हॉस्पिटलातल्या जांभळ्या औषधात बुडवून रंगवले होते. त्यांची बोटंही कायम जांभळी. पेशंटना वाटे, सिस्टरना काहीतरी झालंय.

शेणव्यात त्यांचा भाऊ त्यांच्या शेजारच्याच घरात राहायचा. कमी बोलणारा, सतत कामात. माघ-फाल्गुनात सगळे राब भाजतात, म्हणजे पुढं भाताचं रोप करायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. मागं काळी, मऊ, चौकोनी जागा राहते. पहिल्या वर्षी ती बघून सिस्टर बांधावर उभ्याच राहिल्या होत्या. त्यांना तेल कालवलेलं ते अंगण दिसलं होतं. पण राबात पाय घालायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या तशाच घरी गेल्या. दुसऱ्या वर्षी भावानं आपला राब भाजून झाल्यावर उरलेला पाला माळाच्या कडेला नेला आणि तिथं एक छोटा तुकडा वेगळा भाजून दिला. शेजाऱ्यानं विचारलं, "इथं काय पेरतोस रे? खडकावं?" भाऊ म्हणाला, "हा बायच्या खेळाचा हाय." पुढं दर वर्षी तो न सांगता भाजत राहिला.

एका रविवारी सिस्टरनी मलाही बोलावलं. मी पहिल्या एसटीनं शेणव्याला उतरले. दूरचा माहुलीचा डोंगर धुरकट निळा, अर्धा झोपेत असल्यासारखा. माळावर आवाज म्हणून नाही. सिस्टरनी गालिचा टाकला, माझे हात काठीवर बसवले. माझ्या पहिल्या फटक्याला नुसती हवा फाटली, दुसऱ्याला गालिचाच उडाला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गालिचा उचलून आणला आणि पुन्हा अंथरला. मग कधीतरी तो चेंडू उठला. हाताला काही लागलंसुद्धा नाही, फक्त एक बारीक टक असा आवाज, आणि जांभळा ठिपका आभाळात चढत गेला, थांबला, आणि खूप उशिरानं माळावर पडला. त्याच्याकडं चालत जाताना मला पहिल्यांदा जाणवलं, की मी कुठंच पोचायचं नसताना चालते आहे. ऊन पाठीवर होतं. सिस्टर शेजारून चालत होत्या. त्या दिवशी आम्ही किती वेळ चाललो कोण जाणे. आठवतं ते तेवढंच, पिवळा माळ आणि पुढं पुढं जाणारा एक ठिपका.

चेंडू पडला असेल तिथं पोचलो तर चेंडू नाही. वरच्या वाडीतली एक म्हातारी मोहाखाली फुलं वेचत बसली होती. तिनं आम्हाला खाली बघत फिरताना पाहिलं.

"काय हरपलं गो बाय?"

"हरपलं नाय," सिस्टर म्हणाल्या. "एक चेंडू लांब टाकला व्हता. तो शोधतो."

"लांब टाकला कशाला?"

सिस्टरनी खरोखर विचार केला. "शोधाया जाता येतं म्हनून," त्या म्हणाल्या.

म्हातारीला त्यात वावगं काही वाटलं नाही. "मी पन मोहाला येते तं लवकर नाय जात," ती म्हणाली. "घरी गेलं का कलकल." मग तिनं टोपलीत हात घालून फुलांतून जांभळा चेंडू काढला. कसलं तरी फळ समजून तिनं तो ठेवून घेतला होता. त्यानंतर ती मोहाखाली असली की सिस्टर मुद्दाम त्या बाजूला चेंडू मारत, असा मला संशय आहे.

हॉस्पिटलात त्यांची ही विद्या एकदाच उपयोगी पडलेली मी पाहिली. सापगावचे एक आजोबा पाय मोडून आमच्याकडं होते. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण ते खाटेवरून पाय खाली ठेवीनात. डॉक्टर रागावले, मुलगा रागावला, सून रडली. सिस्टरनी कुणाला काही न सांगता खाटेसमोरच्या वऱ्हांड्यात स्टीलचा एक पेला आडवा ठेवला, आजोबांच्या खाटेजवळ जांभळा चेंडू ठेवला आणि आजोबांची काठी उलटी करून त्यांच्या हातात दिली. "पेल्यात जातो का बघा," म्हणाल्या आणि निघून गेल्या. आजोबा तासभर त्या चेंडूकडं बघत बसले. मग बसल्या बसल्या त्यांनी एक टोला दिला. चेंडू पेल्याला चाटून पुढं गेला. आता तो परत कोण आणणार? वऱ्हांड्यात कुणी नव्हतं. भिंत धरत आजोबाच गेले. घरी न्यायला मुलगा आला त्या दिवशी त्याला बाकावर बसवून ठेवून आजोबा म्हणाले, "दम धर रे. हा गेला का निघू." तो जाईना, आणि त्यांनाही घाई नव्हती.

सिस्टर हे सगळं दारातून बघत होत्या. तोंडावर हसू नाही, नजर पेल्याच्याही पलीकडं, लांब.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, शहापुरातच. मुलगी झाली. सिस्टर निवृत्तीच्या वयाच्या पुढं गेल्या तरी डॉक्टरांनी त्यांना जाऊ दिलं नाही. दोन हजार सालानंतर आमच्या भागात मुंबईच्या लोकांचे बंगले उठायला लागले. मुरबाडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी अशीच एक वसाहत झाली. तिथं गोल्फचं मैदान केलंय, छोटंसं, पण खरं हिरवळीचं, अशी बातमी डॉक्टरांनी आणली. त्यांच्या ओळखीच्या कुणाचा तिथं बंगला होता. "सिस्टर, तुमचं दुसरं मैदान आपल्या दारात आलं," ते म्हणाले. "रविवारी चला."

सिस्टर आढेवेढे घेतील असं मला वाटलं होतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. दोन दिवस त्यांनी कुणालाच वाळूबद्दल काही सांगितलं नाही.

डॉक्टरांच्या जीपमधून आम्ही गेलो. उन्हाळा लागला होता. सगळा मुलूख भाजून करडा झालेला, आणि एका वळणानंतर अचानक ते हिरवं. इतकं हिरवं, की डोळ्यांना ते आधी पाणीच वाटलं. सिस्टर खाली उतरल्या आणि वाकून त्यांनी तळहात गवतावर ठेवला. आपण पेशंटच्या कपाळावर ठेवतो तसा. बराच वेळ ठेवला.

मग त्या खेळल्या. तिथले लोक भले होते. त्यांनी चांगल्या काठ्या दिल्या, पण सिस्टरनी आपलीच घेतली. पहिलाच फटका बिघडला. वय झालं होतं, मनगट वळलं. माळावर असा चेंडू खडकावरून उडून कुठच्या कुठं गेला असता. इथं तो थोडा वाकडा गेला, गवतानं त्याला धरलं आणि तो पुढच्या फटक्याला सोपा, वर उचलून दिल्यासारखा बसून राहिला. सिस्टर तिथं पोचल्या आणि त्या चेंडूकडं बघत उभ्या राहिल्या. दुसराही थोडा चुकला. त्यालाही गवतानं सांभाळून घेतलं. मी त्यांच्या बरोबर चालत होते. फवाऱ्याचे बारीक थेंब वाऱ्यावर येत होते. पावलांचा आवाज होत नव्हता. आपण चालतो आहोत की तरंगतो आहोत, असं वाटावं असं ते चालणं. सिस्टर एकही भोक न सोडता, सावकाश, सगळं मैदान खेळल्या. शेवटी त्यांनी बूट काढले आणि हिरवळीच्या कडेला, अनवाणी पाय गवतात ठेवून बसल्या.

डॉक्टर हसत जवळ आले. "हं सिस्टर. आता सांगा. कुठलं मैदान वरचं?"

"हे," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर जरा गडबडले. "मग इतकी वर्षं आम्हाला वाळू ऐकवलीत ती?"

सिस्टर हसल्या आणि पायाचं गवत झटकून बूट घालायला लागल्या.

डॉक्टर रात्री तिथंच राहणार होते, म्हणून आम्हा दोघींना ड्रायव्हर घेऊन निघाला. सरळगाव मागं पडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. सिस्टर खिडकीतून बघत होत्या, आणि तशाच बघत त्यांनी सांगितलं. कॅम्पमधली मेट्रन पुढं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेली होती. जाताना तिनं सिस्टरना आपल्या बरोबर बोलावलं होतं. मोठी जागा, स्वतःची खोली, पुढं परदेशात शिकायची सोय. ते हिरवं मैदान तिनंच दाखवलं होतं, दोन-तीनदा नेऊन. आणि त्याच सुमारास गावाहून आईचा निरोप आला होता, बास झालं, आता घरी ये.

"मग तुमी आलात," मी म्हटलं.

"आले. आय त्यानंतर पुष्कळ जगली. माझ्या हातचं खाऊन गेली." मग त्या म्हणाल्या, "मी चुकले नाय, पोरी. तेव्हा पण माहीत होतं, आता पण माहीत आहे. पण ते चांगलं होतं. तेवढं कबूल करायला लागेल ना? मी आपली वाळूचे गुण गात बसले. वाटायचं, हिरवळ चांगली म्हटलं तर माझं येणं खोटं पडेल."

"आणि आता?"

"काय पडत नाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नवल होतं.

गाडी किन्हवलीच्या पुढं आली. सिस्टरनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. खांद्यावरून पलीकडं नाही. माझ्याकडं. इतक्या वर्षांत त्यांनी मला रक्ताचे रिपोर्ट विचारले होते, घड्याळात किती वाजले ते विचारलं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "तुला काय पाहिजे होतं गो? खरं सांग."

मला पुण्याच्या एका मोठ्या लॅबमधून बोलावणं आलं होतं. ते मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं. कुणाला न सांगताच तिकडं नकार कळवायचा, असं ठरवून टाकलं होतं. मुलगी लहान, घर इथलं, आणि शहापूरच बरं, तिथं काय ठेवलंय, असं मी स्वतःला रोज पटवत होते. रोज नवं कारण सापडत होतं.

पुढं मी गेले. नवऱ्यानं आधी वाद घातला, मग त्यानंच पुण्यात भाड्याची जागा शोधली. मुलगी तिथंच मोठी झाली. सिस्टर आणखी काही वर्षं माळावर चालत राहिल्या आणि एका सकाळी उठल्याच नाहीत. भावानं फोन करून कळवलं, पण मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो अंगणात बसला होता. "शांत गेली," एवढंच म्हणाला, आणि मला पाणी आणायला उठला. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी मी बोलायला लागले. आधी अडखळत, मग एकसारखी. पुण्याचं बोलले, लॅबचं बोलले. ज्याच्याबद्दल मी कुणापाशी कधी तोंड उघडलं नव्हतं, ते लहानपणापासूनचं एकेक बोलत गेले. बाहेर शेतं जांभळट होत गेली, घरांतून चुलीचा धूर वर येऊन तरंगायला लागला, आणि गाडी शेणव्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. मी बोलायची थांबले.

ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. "सिस्टर, उतरता ना?"

सिस्टर उतरल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि सीटवर जरा मागं टेकून बसल्या.

"इंजिन बंद कर," त्या त्याला म्हणाल्या. "हिचं होऊ दे."